ऑक्सिजन-न्यूनतेतील श्वसन नियंत्रण

ऑक्सिजन-न्यूनतेतील श्वसन नियंत्रण म्हणजे रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्यावर श्वासाची गती व खोली वाढवणारी चेतासंस्थेची प्रतिक्षिप्त यंत्रणा होय. मानेतील कॅरोटिड पिंड ही उणीव ओळखतात आणि रासायनिक संदेशांद्वारे ती मेंदूतील लंबमज्जेला कळवतात. एरवी श्वसनाचे नियमन मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर अवलंबून असते.

संवेदन

कॅरोटिड पिंड तांदळाच्या दाण्याएवढे असून मानेतील मुख्य धमनीला जेथे दोन फाटे फुटतात तेथे, दोन्ही बाजूंस असतात. श्वसनाच्या नियमनातील त्यांचे कार्य दाखवून दिल्याबद्दल बेल्जियमचे शास्त्रज्ञ कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ऑक्सिजन घटल्यावर या पिंडांतील ग्लोमस पेशींमधील पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, पेशीत कॅल्शियम शिरते आणि एटीपी व ॲसिटिलकोलिन ही रसायने बाहेर पडतात. त्यामुळे लगतची चेता उद्दीपित होते. याच वेळी स्रवणारे डोपामिन संदेशाला बव्हंशी आवर घालते.

मेंदूतील प्रक्रिया

हा संदेश लंबमज्जेत पोहोचल्यावर ग्लुटामेट या रसायनाद्वारे पुढील चेतापेशींकडे जातो. श्वासाची लय निर्माण करणारे प्री-बॉट्झिंगर संकुल येथेच असते. ते १९९१ मध्ये ओळखले गेले. तेथून निघालेले आवेग मज्जारज्जूमार्गे श्वासपटलापर्यंत पोहोचतात.

प्रतिसाद दोन टप्प्यांत घडतो. पहिल्या काही मिनिटांत श्वसन झपाट्याने वाढते, नंतर ते काहीसे मंदावते. या उतारात ॲडिनोसिन व गाबा या शामक संदेशकांचा वाटा असतो. नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हा उतार इतका तीव्र असू शकतो की श्वास थांबतो. अफूजन्य औषधे श्वसनाची लयच दडपतात.

मर्यादा

धमनीतील ऑक्सिजनचा दाब सुमारे ६० मिमी पाऱ्याखाली गेल्यावरच हा प्रतिसाद ठळक होतो. शिवाय जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो आणि त्याची घट श्वसनाला लगाम घालते. म्हणूनच विहिरीत वा तलावात बुडी मारण्यापूर्वी मुद्दाम भराभर श्वास घेणे घातक ठरते : श्वास घेण्याची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

कॅरोटिड पिंड प्रामुख्याने रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब ओळखतात, हिमोग्लोबिनवरील साठा नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरील जागा व्यापतो, परंतु हा दाब फारसा बदलत नाही. त्यामुळे माणसाला धाप न लागताच विषबाधा होते.

उंचीवरील परिणाम

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर, तर राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर निरोगी व्यक्तीत हा प्रतिसाद ठळकपणे जागा होत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर मात्र ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश असतो. महाराष्ट्रातून १९९८ मध्ये एव्हरेस्ट सर करणारे सुरेंद्र चव्हाण यांच्यासारख्या गिर्यारोहकांना टप्प्याटप्प्याने चढावे लागते, कारण अनेक दिवस उंचीवर राहिल्यावर कॅरोटिड पिंडांची संवेदनक्षमता वाढते आणि श्वसन हळूहळू अधिक खोल होते.

कोविड-१९ आणि छुपी ऑक्सिजन-न्यूनता

कोविड-१९ च्या साथीत अनेक रुग्णांचा ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरूनही त्यांना धाप जाणवत नव्हती. आजाराच्या सुरुवातीस फुप्फुसे पुरेशी लवचीक राहून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे धोक्याची जाणीव बोथट होते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. वृद्ध व मधुमेही व्यक्तींमध्ये हा प्रतिसाद मुळातच क्षीण असू शकतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरी विलगीकरणात असलेल्यांसाठी सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचा प्रसार झाला. चालण्यापूर्वी व नंतर बोटावरील ऑक्सिमीटरची नोंद घेतल्याने, शरीराने न दिलेला इशारा यंत्राद्वारे मिळत असे.