गांधारपाल्याच्या दोन पोढी

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यास अभिवादन करण्यासाठी येणाऱ्या उपासक-उपासिकांनी सवड काढून जवळच्या गांधारपाले गावातील बौद्ध लेणी अवश्य पाहावीत. गांधारी आणि सावित्री या नद्यांच्या परिसरातील डोंगरात ही लेणी कोरलेली आहेत. तेथे ब्राह्मी लिपीतील एक प्राकृत शिलालेख आहे. कुमार काणभोअ विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ ओवरक म्हणजे निवासाच्या खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी आणि एक वाट दान दिल्याची त्यात नोंद आहे.

पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके होय. कोकणात चार महिने मुसळधार पाऊस पडतो आणि पुढे वैशाखात डोंगरावर थेंब मिळत नाही. पावसाचे पाणी साठविणारी पोढी नसती तर तेथे बारमाही वास्तव्य अशक्यच होते. म्हणूनच दात्याने चैत्यगृहाच्या बरोबरीने पोढींची गणना केली व त्यांस ‘देयधम्म’ म्हटले. या पोढी मुख्यतः भिक्खुसंघासाठी होत्या, हे उघड आहे. पण त्या काळचे जलदान विहारापुरतेच मर्यादित नव्हते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताच्या लेखात नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा उभारल्याचा उल्लेख आहे. प्रपा म्हणजेच आपली पाणपोई. (याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही मोठी यादी आहे, हेही नमूद केले पाहिजे.)

पाल्याच्या लेखात दात्याचे नाव आहे, पोढींची संख्या आहे, वाटेचाही उल्लेख आहे; पाणी कोणी घेऊ नये याविषयी मात्र अक्षरही नाही.

त्याच परिसरात पुढे काय घडले ते सर्वविदित आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरी प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले! नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. हे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करावयाचे आहे, असे बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत स्पष्ट केले.

तळे खाजगी असून अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे, असा सवर्णांचा दावा होता. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. ही रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.