अति थंडीत प्रोसेसर का अडतो?

प्रोसेसर तापला की मंदावतो किंवा बंद पडतो, हे आपल्याला ठाऊक असते. तो थंडीनेही बंद पडतो, हे मात्र चटकन पटत नाही. प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवू पाहणारे ओव्हरक्लॉकर त्याच्यावर तांब्याचे भांडे बसवतात आणि त्यात द्रवरूप नायट्रोजन ओततात. हा द्रव −१९६ अंश सेल्सिअसला उकळतो. भांडे थंड होत जाते तसा वेग वाढवता येतो. आणि मग एका तापमानाला, समजा −१०० अंशांजवळ, पडद्यावरचे चित्र थिजते. भांडे थोडे तापू देऊन संगणक पुन्हा सुरू केला, की तोच प्रोसेसर सुरळीत चालतो. या दोषाला ‘कोल्ड बग’ म्हणतात.

सिलिकॉनच निकामी झाले असेल, हा पहिला तर्क टिकत नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ईटीए-१० या अमेरिकी महासंगणकाच्या वेगवान प्रकारांत सीमॉस परिपथ द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेले असत, आणि त्या थंडीमुळेच ते अधिक वेगाने चालत. तापमान उतरले की स्फटिकातील अणूंची कंपने कमी होतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते. पण ते यंत्र त्या थंडीसाठीच आखलेले होते. आपल्या टेबलावरचा प्रोसेसर साधारण ० ते १०० अंशांच्या हिशेबाने आखलेला असतो.

मग अडते कोण? बहुधा बेरीज-वजाबाकी करणारे लॉजिक नव्हे, तर त्याच्या आजूबाजूचे अ‍ॅनालॉग परिपथ: संदर्भ व्होल्टेज देणारा, क्लॉक तयार करणारा पीएलएल, मेमरी कंट्रोलर. संदर्भ परिपथाचेच उदाहरण घेऊ. सिलिकॉन डायोडवरचे व्होल्टेज तापमान एक अंशाने उतरले की सुमारे २ मिलिव्होल्टने वाढते. २७ अंशांना ते ०.६५ व्होल्ट धरले, तर −१५३ अंशांना ते जवळपास १ व्होल्ट होते. परिपथाला पुरवठाच १.२ व्होल्टचा असेल, तर बाकीच्या ट्रान्झिस्टरांच्या वाट्याला जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात. आणि थंडीत त्यांचे थ्रेशोल्ड व्होल्टेजही वाढलेले असते. संदर्भ ढळतो, त्यावर विसंबलेले परिपथ चुकतात, आणि लॉजिक शाबूत असूनही यंत्र थांबते.

उपायही यातूनच निघतो. कोअरचे व्होल्टेज वाढवत बसण्याऐवजी पीएलएल आणि मेमरी कंट्रोलरचे व्होल्टेज थोडे थोडे वाढवून पाहतात. म्हणजे वर सांगितलेली अपुरी जागा वाढते. सगळेच प्रोसेसर याला दाद देत नाहीत. एकाच मॉडेलच्या दोन नगांची मर्यादाही वेगळी निघते, म्हणून दर १० अंशांना थांबून नोंद करावी लागते. मर्यादा सापडली की नायट्रोजन थोडा थोडा ओतून भांडे तिच्या किंचित वर राखणे, हाच खात्रीचा मार्ग. (बंद खोलीत हा प्रयोग करू नये, उडालेला नायट्रोजन प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला वास नसतो.) काही प्रोसेसर −१५० अंशांना चालत राहतात, पण तेथे सुरू होत नाहीत, कारण सुरू होताना संदर्भ परिपथाला शून्यातून उठावे लागते. अशा वेळी भांडे गरम हवेने तापवून यंत्र सुरू करतात आणि मग पुन्हा थंड करतात.

खरी फसगत वेगळीच असते. प्रोसेसर आणि भांडे यांच्यामधली थर्मल पेस्ट थंडीने तडकते. भांड्यातला तापमापक −१२० अंश दाखवतो आणि खाली चिप तापत असते. बाहेरून मात्र हे हुबेहूब कोल्ड बगसारखे दिसते. अशा चिपचे व्होल्टेज वाढवले तर ती कायमची जळू शकते. म्हणून आधी पाहावे: यंत्र दर वेळी त्याच तापमानाला, हलक्या कामातही अडते का? तसे असेल तर कोल्ड बग. भार टाकल्यावरच, दर वेळी निराळ्या तापमानाला अडत असेल, तर व्होल्टेजला हात न लावता भांडे काढून पेस्ट तपासावी, आणि तेव्हाच सॉकेटमध्ये दव साचले नाही ना, तेही पाहून घ्यावे.