मागे घेतलेल्या शोधनिबंधाचे पुढे काय होते?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या कोविडच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, असे ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांच्या माहितीच्या आधारे सांगणारा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी ऑनलाइन प्रसिद्ध केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी काही काळ तहकूब केली. परंतु जिच्याकडून ही माहिती आली, त्या ‘सर्जिस्फिअर’ कंपनीने मूळ दप्तर तटस्थ परीक्षकांपुढे ठेवण्यास इन्कार केला, तेव्हा चारपैकी तीन लेखकांनी ४ जून रोजी निबंध मागे घेतला.

असा निबंध संकेतस्थळावरून काढून टाकीत नाहीत. तो मागे घेतल्याचे ठळकपणे दर्शवून, कोणी व कोणत्या कारणास्तव मागे घेतला हे सांगणारी आणि सर्वांस विनामूल्य वाचता येणारी सूचना त्यास जोडावी, असा ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’चा दंडक आहे. तो मला सर्वथैव न्याय्य वाटतो; कारण ज्या मजकुराच्या भरवशावर औषधाच्या चाचण्या थांबल्या, तोच दप्तरातून नाहीसा झाला, तर पुढील अभ्यासकास त्या निर्णयांची संगती कशी लागावी? ‘लॅन्सेट’च्या प्रतीवर आज पानोपानी लाल अक्षरांचा शिक्का दिसतो. मात्र त्यापूर्वीच वाचकांनी उतरवून घेतलेल्या प्रतींवर तो आपोआप उमटत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की, मागे घेतल्यानंतरही कित्येक लेखकांनी हा निबंध, त्याची ही अवस्था न सांगता, आधार म्हणून उद्धृत केला.