पॅडची धास्ती आणि मोबाइलवरची माहिती

अमुक कंपनीचे सॅनिटरी पॅड वापरल्यामुळे ५६ मुली दगावल्या, पॅडमधील जेलमुळे गर्भाशयाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग होतो, तेव्हा हा संदेश प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा, अशा आशयाचा मजकूर गेली अनेक वर्षे मोबाइलवर फिरत आहे. कधी त्याखाली एखाद्या मोठ्या कर्करोग रुग्णालयाचे नाव जोडलेले असते. दगावलेल्या मुलींचे गाव, तारीख, तपासणीचा अहवाल यांपैकी मात्र काहीच नसते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्याची चित्रफीत आली की शाळकरी मूलसुद्धा आधी विचारते, कुठला मळा, कोणते गाव, कधीची गोष्ट? उसाच्या आणि बिबट्याच्या शेजाराने इथल्या माणसाला जुनी किंवा परगावची फीत ओळखायला शिकविले आहे. पाळीविषयीच्या मजकुराला हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तो विषय चारचौघांत निघत नाही. मुलगी एकटीच वाचते आणि एकटीच घाबरते. अनेक घरांत पाळीच्या दिवसांत मुलगी बाजूला बसते. ही रीत पाळावी की नाही हा ज्या त्या कुटुंबाचा प्रश्न आहे. परंतु पूर्वी अशा वेळी आजी किंवा काकू जवळपास असे, आता हातात मोबाइल असतो, एवढा फरक ध्यानात घ्यावयास हवा. नेमक्या त्याच दिवसांत ती नेमके तेच शोधते, आणि एकदा शोधले की तसलेच आणखी समोर येत राहते.

घाबरलेली मुलगी काय करते, हा खरा प्रश्न आहे. ती पॅड सोडून जुन्या कापडाकडे वळते. कापड वाईट नाही. साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळविलेले सुती कापड चांगलेच. पण कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. डिंभे, भीमाशंकर, नाणेघाट या पश्चिम पट्ट्यात श्रावणापर्यंत ऊन क्वचितच पडते. दमट राहिलेल्या कापडाने खाज, पुरळ, जंतुसंसर्ग होण्याचा धोका, संदेशातील धोक्याहून कितीतरी अधिक खरा आहे.

आता त्या जेलविषयी. हा पदार्थ म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट द्रव तो धरून ठेवतो. पॅडच्या वरच्या थराखाली, आतील गाभ्यात तो असतो. लहान बाळांच्या डायपरमध्येही हाच पदार्थ असतो. त्यामुळे कर्करोग होतो याला वैद्यकीय आधार नाही. पॅड तासन्‌तास न बदलल्यास त्वचा ओलाव्याने आणि घर्षणाने सोलवटते, हे मात्र खरे. म्हणून साधारण चार ते सहा तासांनी, स्राव जास्त असल्यास त्याआधीही, पॅड बदलावे.

अफवेत सत्याचा एखादा तुकडा असतो, म्हणूनच ती टिकते. १९८० साली अमेरिकेत शरीराच्या आत ठेवावयाच्या टॅम्पॉनशी निगडित ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हा गंभीर आजार उघडकीस आला, काही स्त्रियांचा मृत्यू झाला आणि एक अतिशोषक टॅम्पॉन बाजारातून मागे घेण्यात आला. तेव्हापासून टॅम्पॉन आठ तासांपेक्षा अधिक ठेवू नये असे सांगितले जाते. आपल्याकडील मजकूर टॅम्पॉनची ही गोष्ट उचलून पॅडला चिकटवितो. दुसरा तुकडा अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने भारतीय बाजारातील १० पॅड तपासून त्यांत थॅलेट्स आणि बाष्पनशील रसायने आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘सेंद्रिय’ म्हणून विकली जाणारी पॅडही त्यांत होती. हा अहवाल उडवून लावण्यासारखा नाही. अशा रसायनांची मर्यादा ठरविण्याची मागणी रास्तच आहे. पण वस्तूत रसायन सापडणे निराळे, आणि ते किती प्रमाणात शरीरात जाऊन काय अपाय करते, हे निराळे. ‘पॅडमुळे कर्करोग’ असे तो अहवाल सिद्ध करीत नाही. मुलीला हा भेद समजावून सांगितला तर ती समजते. ‘सगळे खोटे आहे’ असे म्हणून गप्प केले तर पुढच्या वेळी विचारीत नाही.

व्यापारी घरांना एक गोष्ट अधिक लवकर कळावी. भीतीच्या मजकुराच्या शेवटी पुष्कळदा विक्री असते. साखळी पद्धतीने विकली जाणारी, हिरव्या पट्टीची ‘अॅनायन’ पॅड घरोघरी अशाच रीतीने खपविली जातात. प्रथम दुसऱ्या कंपनीचे पॅड फाडून पेटवून दाखवायचे, काळी राख उरली की ‘पाहा, प्लास्टिक!’ असे म्हणायचे. वरच्या थरात प्लास्टिक असते हे गुपित नाही, आणि जाळून त्वचेवरील सुरक्षितता कळत नाही. मग त्यातील लगदा पाण्यात टाकून गढूळ पाणी दाखवायचे. लाकडाचा लगदा पाण्यात विखुरणारच. ती भेसळीची खूण नव्हे. अखेरीस अॅनायन पट्टीने पाळीच्या तक्रारी, गाठी, इतकेच काय कर्करोगही बरा होतो, असे सांगितले जाते. कर्करोग, गर्भाशयाचे विकार आणि मासिक स्रावाच्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई केली आहे. साखळी विक्रीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियमही झाले. असे पाकीट नात्यातील बाईच घेऊन येते, त्यामुळे नकार देणे अवघड जाते. पण मुलीसमोर तिला ‘हे कुठे सिद्ध झाले आहे?’ एवढे तरी सौम्यपणे विचारावे.

जो दुकानदार पोत्यातला हात घालून धान्य पाहतो, त्याला पाकीट पाहणे शिकवावे लागत नाही. एकदा वापरावयाच्या पॅडसाठी भारतीय मानक आयएस ५४०५ हे आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१९ ची. धुऊन वापरावयाच्या पॅडसाठी २०२१ पासून आयएस १७५१४ आहे. उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, तारीख पाहावी. स्वस्त म्हणजे घातक, हाही एक गैरसमजच. जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट २०१९ पासून १ रुपयाला मिळते, आणि पॅडवरील जीएसटी जुलै २०१८ मध्येच माफ झाला आहे.

मोबाइल हिसकावून काही साधत नाही. आईने मुलीशेजारी बसून तोच मजकूर पुन्हा वाचावा: कोणी लिहिले, कोठे घडले, शेवटी काय विकत घ्यावयास सांगितले आहे? आईला संकोच असेल तर मावशी, शिक्षिका किंवा ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ चालतील. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतून ‘मैत्री’ सल्ला केंद्रे चालतात. मुलगेही बोलण्यात असावेत; कुटुंबाच्या समूहावर असले संदेश पुष्कळदा तेच पुढे ढकलतात, आणि उद्या मेडिकलच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला उत्तर त्यांनाच द्यावे लागेल.

आणि खरी काळजी केव्हा करावी, तेही मुलीला ठाऊक असावे. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, स्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, वेदनेने शाळा बुडत असेल, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा ताप असेल, किंवा पॅड बदलूनही पुरळ चार दिवसांत ओसरत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. जाताना वापरात असलेल्या पॅडचे पाकीट सोबत न्यावे.