युद्ध आणि भूतकथा – ६ : रद्द झालेल्या निकालानंतर

कानेतो शिंदो यांच्या 'कुरोनेको'त (१९६८) सामुरायांनी अत्याचार करून मारलेल्या सासू-सुना परत येतात आणि वाटेत सापडेल त्या सामुरायाचा जीव घेतात, हे गेल्या लेखात आपण पाहिलं. हायरो बुस्तामान्ते यांच्या 'ला योरोना' (२०१९) या ग्वातेमालातल्या चित्रपटातलं भूत याहून अवघड काम करतं. गुन्हेगाराच्या सावलीत सुखाने राहिलेल्यांना, आपण काय पाहायचं टाळलं ते भोगायला लावणं हा त्याचा खरा सूड आहे.

ग्वातेमालातलं यादवी युद्ध १९६० पासून १९९६ पर्यंत चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर काम करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक बळींचा अंदाज मांडला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया या मूलनिवासी समाजाचे होते. १९८२-८३ मध्ये सत्तेवर असलेल्या जनरल एफ्राइन रिओस माँत यांना १७७१ इशिल मायांच्या हत्येबद्दल १० मे २०१३ रोजी ८० वर्षांची शिक्षा झाली, आणि दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने प्रक्रियेचं कारण देऊन ती रद्द केली. चित्रपटातला जनरल मोन्तेवेर्दे उघडच त्यांच्यावर बेतलेला आहे. निकाल रद्द होतो, बंगल्याबाहेर लोक घोषणा देत राहतात, आणि आत आल्मा नावाची माया मोलकरीण कामाला लागते. तीच हे भूत.

ला योरोनाच्या, म्हणजे 'रडणाऱ्या बाई'च्या, मूळ लोककथेत प्रियकराने टाकलेली बाई स्वतःची मुलं बुडवते आणि नदीकाठी रडत फिरते. दोष आईचा. बुस्तामान्ते यांनी तो दोष तिच्यावरून काढला: इथे मुलं सैनिक बुडवतात. जनरलची बायको कार्मेन साक्षीदार बायकांना हिणवत असते. पुढे स्वप्नात तीच मुलांना घेऊन सैनिकांपासून पळू लागते, आणि अखेरीस नवऱ्याच्या गळ्याभोवती तिचेच हात आवळले जातात. जनरलला पश्चात्ताप होत नाही. तसा तो दाखवला असता तर चित्रपट खोटा ठरला असता.

भुताने हिशेब चुकता केला की प्रेक्षक समाधानाने घरी जातो आणि खटल्याची निकड मागे पडते, असा आक्षेप घेता येईल. अशा पुष्कळ कथांना तो लागू पडतोही. पण इथे आधी न्यायालय येतं. चेहरा वस्त्राने झाकलेली इशिल बाई तिथे सविस्तर साक्ष देते, दोषी ठरवणारा निकाल लागतो, आणि तो पुसला गेल्यावरच भुताला वाट मिळते. शिवाय जनरलच्या मृत्यूने काही मिटत नाही. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी दुसऱ्या लष्करी अधिकाऱ्याला तेच रडणं ऐकू येतं. कार्मेनने कुणाला मारलं नव्हतं, मग तिला हा त्रास का, असंही कुणी विचारेल. तिला शिक्षा झालेली नाही. न्यायालयात बसून जे ऐकायला तिने नकार दिला, ते तिला ऐकवलं गेलं आहे.

रिओस माँत १ एप्रिल २०१८ रोजी फेरखटला अपूर्ण असतानाच वारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने इशिलांचा वंशसंहार झाल्याचं मान्य केलं. शिक्षा मात्र कुणालाही झाली नाही.