फुटवॉल आणि मायट्रल

परभणी जिल्ह्यात विहिरीवर मोटार असलेल्या शेतकऱ्याला फुटवॉल समजावून सांगावा लागत नाही. पाइपच्या तळाशी, पाण्यात बुडालेली ती झडप. मोटार ओढू लागली की उचलते, मोटार थांबली की पाइपातल्या पाण्याच्याच भाराने बसते. तिच्यात काडी अडकली तर रात्रीतून पाणी विहिरीत उतरून जातं आणि सकाळी मोटार पाणी धरत नाही.

हृदयाच्या चारही झडपा अशाच चालतात. येलदरी धरणाचे दरवाजे उचलायला यंत्र लागतं, हुकूम लागतो. हृदयाची झडप मात्र फक्त दाब ओळखते.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातला अर्धा सेकंद डावा खालचा कप्पा सैल असतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यामधल्या उघड्या मायट्रल झडपेतून फुफ्फुसांकडचं रक्त त्यात उतरतं. मग कप्पा आवळतो, मायट्रलच्या दोन पाकळ्या मिटतात: ‘लब’. क्षणभर आत-बाहेर दोन्ही वाटा बंद. आतला दाब महाधमनीतल्या सुमारे ८० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की तिच्या तोंडाची तीन पाकळ्यांची झडप उघडते आणि रक्त बाहेर पडतं. कप्पा सैलावताच मागे फिरू पाहणारं रक्त त्या पाकळ्यांच्या खिशांत भरून त्यांना मिटवतं: ‘डब’.

आत १२०चा दाब असताना मायट्रल वर उलटत कशी नाही? तिच्या पाकळ्यांना खालून पांढरे, चिवट दोर बांधलेले असतात. त्यांची दुसरी टोकं कप्प्याच्या भिंतीवरच्या स्नायूंच्या उंचवट्यांत. कप्पा आवळतो तेव्हा हे उंचवटेही आवळतात आणि दोर ताणून धरतात. सगळ्या रचनेत याहून देखणं काही नाही.

अशी झडप शाळकरी वयातल्या घसादुखीने खराब होऊ शकते. स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला शरीराने उभं केलेलं बळ काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटतं: हा संधिवाताचा ताप. आज गुडघा सुजतो, चार दिवसांनी घोटा. घरी तेल चोळलं जातं. पुढे कधी झडप गळू लागते, कधी तिचं चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं तोंड आक्रसून दीडच्याही खाली येतं. कित्येक बायकांना ते गरोदरपणात धाप लागल्यावरच कळतं.

गळती मात्र कानाला सापडते: ‘लब’ आणि ‘डब’च्या मध्ये वारा सुटल्यासारखी फुसफुस. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांतली मुलं तपासतात, तेव्हा स्टेथोस्कोपखाली हाच आवाज शोधायचा असतो. संधिवाताचा हा ताप वेळीच ओळखला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. एकही तारीख चुकवून चालत नाही, पेरणीच्या दिवसांतली असली तरी.