बेवारस मांजरांची सुटका : पिल्लू उचलल्यानंतरचे आठ आठवडे निर्णायक

जिन्याखाली, मोटारीच्या बॉनेटमध्ये किंवा बंद दुकानाच्या फळीमागे सापडलेले मांजराचे पिल्लू घरी आणणे हा त्याच्या सुटकेचा केवळ आरंभ असतो. ते जगेल का आणि माणसांत रुळेल का, हे बहुतांशी पहिल्या आठ आठवड्यांत ठरते. दत्तक कुटुंब मिळेपर्यंत पिल्लाला घरात सांभाळण्याच्या पद्धतीला तात्पुरते पालकत्व अर्थात ‘फॉस्टरिंग’ म्हणतात.

उचलण्यापूर्वी थांबा

पिल्ले स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत असतील, तर त्यांची आई बहुधा अन्नाच्या शोधात गेलेली असते. अशा वेळी काही तास दूरून लक्ष ठेवावे. आईच्या दुधाला आणि उबेला तोडीचा पर्याय नाही. मात्र पिल्लू गार पडले असेल, जखमी असेल, त्याला मुंग्या लागल्या असतील किंवा ते सतत ओरडत असेल, तर विलंब करू नये.

आधी ऊब, मग दूध

नवजात पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते आणि ते रोज साधारण १० ग्रॅमने वाढावे लागते. स्वयंपाकघरातील काट्यावर रोज वजन केल्यास आजाराची चाहूल लवकर लागते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. म्हणून कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीने त्याला प्रथम ऊब द्यावी. गाईच्या दुधाने जुलाब होऊन पिल्लू दगावू शकते. पशुवैद्याच्या सल्ल्याने मांजरांसाठीचे पावडरचे दूध दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पोटावर ठेवून पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर ओलसर कापसाने ती जागा हलकेच पुसावी लागते. माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरांसाठी प्राणघातक ठरते.

स्वतंत्र खोली

घरात आधीपासून मांजर असल्यास नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. ‘पॅनल्यूकोपेनिया’ या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू परिसरात वर्षभरही टिकू शकतो. त्यामुळे घरातील मांजराचे लसीकरण आधीच झालेले असावे.

घरच का हवे?

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांचा स्पर्श, आवाज आणि वावर स्वीकारण्यास शिकते. गजबजलेल्या निवारा केंद्रात प्रत्येक पिल्लाला एवढा वेळ देणे कठीण असते. माणसांची सवय नसलेल्या प्रौढ मांजरांना मात्र घरात कोंडणे तापदायक ठरते. त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडणे श्रेयस्कर.

दत्तक देताना

आठ आठवडे पूर्ण झालेले, स्वतः खाणारे, जंतनाशक आणि पहिली लस दिलेले पिल्लूच दत्तक द्यावे. उंच मजल्यावरील घराच्या खिडक्यांना जाळी आहे का, हे पाहावे. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. म्हणून वेळेवर निर्बीजीकरण करण्याची हमी घ्यावी.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे. तथापि, पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्यात १० ते ५० रुपये इतकाच दंड नमूद आहे. एवढ्या दंडाचा धाक कितपत राहणार? म्हणूनच दत्तक देण्यापूर्वीची चौकशी आणि नंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा ठरतो. योग्य घरी गेलेले पिल्लू पुन्हा रस्त्यावर येत नाही आणि तात्पुरत्या पालकाच्या घरी पुढच्या पिल्लासाठी जागा मोकळी होते.